इजारदाराचा तराजू : लाव्हाझिए प्रकरण, नोव्हेंबर १७९३ ते मे १७९४

२४ नोव्हेंबर १७९३. पॅरिसमध्ये कन्व्हेन्शनची, म्हणजे क्रांतीनंतरच्या फ्रेंच विधिमंडळाची, बैठक चालू होती. बूर्दों नावाच्या सदस्याने उठून मागणी केली : जुन्या करवसुली कंपनीच्या भागीदारांना, जनतेचे रक्त पिणाऱ्या या जळवांना, आधी आत टाका, महिन्याभरात त्यांचे हिशेब आले नाहीत तर कायद्याच्या तलवारीखाली द्या. ठराव झाला. यादीत आंत्वान लोरां लाव्हाझिए हे नाव होते. वय ५०.

तो चार दिवस लपला. लपलेल्या माणसाने करू नये ते याने केले : सरकारी समितीला पत्र लिहिले. आपण वजनमापे आयोगाचे काम करत आहोत, इजाऱ्याचे, म्हणजे करवसुलीच्या मक्त्याचे, काम सोडून काही वर्षे झाली, तेव्हा आयोगाचे काम चालू ठेवावे की तुरुंगात हजर व्हावे, एवढीच त्याची विचारणा होती. पत्राचा उपयोग झाला नाही. २८ नोव्हेंबरला तो आणि त्याचा सासरा झाक पोल्झ दोघे आपण होऊन तुरुंगात दाखल झाले. तुरुंग म्हणजे एक जुना मठ. क्रांतीने मठाचे नाव बदलून ठेवले होते ‘पोर-लिब्र’, म्हणजे मुक्त बंदर. साडेपाच महिन्यांनी, ८ मे १७९४ रोजी, सासरा-जावई एकामागोमाग गिलोटीनवर गेले.

ही गोष्ट आपल्याकडे रसायनशास्त्राच्या तासाला दोन वाक्यांत उरकतात. ज्वलनाचे कोडे सोडवणारा थोर शास्त्रज्ञ, आणि ‘प्रजासत्ताकाला शास्त्रज्ञांची गरज नाही’ म्हणून त्याचे डोके उडवणारा न्यायाधीश. दुसरे वाक्य टाळ्या घेते, पण खटल्याच्या कागदांत ते कुठेही नाही. रोब्सपिएर, म्हणजे त्या काळात सत्ता गाजवणारा क्रांतीचा नेता, पडल्यानंतर, जो तो आधीच्या राजवटीचे पाप मोजू लागला तेव्हा, ते तोंडोतोंडी झाले. न्यायाधीश कोफिनाल तोवर स्वतःच गिलोटीनवर गेलेला असल्यामुळे नाही म्हणायलाही कोणी नव्हते. ते वाक्य बाजूला ठेवले तरच हे प्रकरण नीट दिसू लागते. आरोपीच्या पिंजऱ्यात रसायनशास्त्रज्ञ उभाच नव्हता. उभा होता तो इजारदार.

इजारा

‘मक्तेदारी’ हा शब्द आपण आज मोठ्या कंपन्यांसाठी वापरतो, पण त्याच्या पोटात जुनी करवसुली आहे. सरकारला रोकड आगाऊ द्यायची, बदल्यात वसुलीचा मक्ता घ्यायचा, आणि वर मिळेल ते आपले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती जास्त बोली लावणाऱ्याला कशा दिल्या जात आणि त्याचा भार शेवटी कुणबी कसा वाहत असे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. फ्रान्समधली ‘फेर्म जेनेराल’ ही याच कुळातली, फक्त अवाढव्य. राजाशी सहा-सहा वर्षांचा करार, साठेक भागीदार, आणि हाताखाली बंदूकधारी शिपायांची फौज. मिठावरचा कर, तंबाखूची एकाधिकार विक्री, देशांतर्गत नाक्यांवरची जकात आणि पॅरिस शहरात येणाऱ्या मालावरचा प्रवेशकर, हे सगळे तिच्याकडे. मीठ चोरून आणणारा गुलाम म्हणून जहाजांची वल्ही मारायला जाई. मिठावरच्या कराने लोक किती चिडतात, हे आपल्या शिरोड्याच्या मिठागरांनीही पुढे १९३० मध्ये पाहिले.

लाव्हाझिए १७६८ मध्ये या कंपनीत शिरला, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. बोदों नावाच्या वृद्ध भागीदाराच्या हिश्श्याचा एक तृतीयांश भाग त्याने घेतला. त्याची किंमत ५,२०,००० लिव्र (फ्रान्सचे तेव्हाचे चलन). त्याच वर्षी विज्ञान अकादमीने त्याला निवडले. वकिलाचा मुलगा, स्वतः कायद्याची पदवी घेतलेला, शहराच्या दिवाबत्तीवर निबंध लिहून राजाचे सुवर्णपदक मिळवलेला. करवसुलीवाला आपल्यात आला म्हणून अकादमीत थोडी कुजबुज झाली, तेव्हा एक गणितज्ञ म्हणाला, बरे झाले, आता जेवणावळी चांगल्या मिळतील.

तीन वर्षांनी, १७७१ मध्ये, त्याने भागीदार पोल्झच्या मुलीशी लग्न केले. मारी-आन तेव्हा १३ वर्षांची, तो २८ वर्षांचा. ही मुलगी पुढे त्याच्या प्रयोगशाळेचा निम्मा भार उचलणार होती. त्याला इंग्रजी येत नव्हते, ती शिकली. आयरिश रसायनज्ञ कर्वनचा जुन्या सिद्धान्ताची बाजू घेणारा ग्रंथ तिने फ्रेंचमध्ये आणला आणि त्यात खंडनाच्या टिपा छापल्या. १७८९ च्या त्याच्या प्रमुख ग्रंथातली उपकरणांची चित्रे तिची आहेत, मापांसकट, म्हणजे वाचणाऱ्याला तसेच उपकरण बनवून घेता यावे.

त्याचा दिनक्रम तिनेच नोंदवून ठेवला आहे. सकाळी सहा ते नऊ आणि रात्री सात ते दहा विज्ञान. मधला सगळा दिवस इजारा, दारूगोळा खाते, समित्या. आठवड्यातला एक दिवस मात्र पूर्ण प्रयोगांचा. त्याला तो सुखाचा दिवस म्हणे.

बंद भांडे

इथे जरा रेंगाळले पाहिजे, कारण या माणसाचा इजारा आणि रसायन हे दोन वेगळे कप्पे होते असे मला वाटत नाही.

प्रयोग असा. लांब मानेच्या काचेच्या चंबूत चार औंस पारा. मान वाकवून तिचे टोक पाऱ्याच्या द्रोणीतून वर, उपड्या घंटाकार भांड्यात नेलेले. आतली हवा मोजलेली : ५० घन इंच. खाली कोळशाची भट्टी. पारा उकळीच्या जवळपास तापत ठेवायचा, विझू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी काहीच घडत नाही. दुसऱ्या दिवशी पाऱ्यावर तांबडे कण तरंगू लागतात. चार-पाच दिवस ते वाढत जातात, मग थांबतात. बारा दिवसांनी भट्टी विझवली. हवा उरली होती ४२ ते ४३ घन इंच. तिच्यात मेणबत्ती विझे आणि प्राणी गुदमरे. तांबडे कण गोळा करून तोलले : ४५ ग्रेन. ते छोट्या बकपात्रात वेगळे, जास्त कडक तापवले. परत मिळाला साडेएकेचाळीस ग्रेन पारा आणि ७ ते ८ घन इंच अशी हवा, जिच्यात मेणबत्ती डोळे दिपवील अशी जळते.

इथे ताळा बसतो! जेवढी हवा गेली तेवढीच परत आली. हा वायू तापवून काढणारा तो पहिला नव्हे. स्वीडनचा शील आणि इंग्लंडचा प्रीस्टली दोघांनी तो आधी मिळवला होता. प्रीस्टलीने तर १७७४ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसला लाव्हाझिएच्याच घरी जेवताना तो सांगितला, आणि पुढे लाव्हाझिएने त्याला श्रेय देताना हात आखडता घेतला, हेही खरे. पण प्रीस्टलीकडे वायू होता, जमाखर्च नव्हता. जळताना वस्तूतून ‘फ्लोजिस्टन’ नावाचे तत्त्व निघून जाते हा शंभरेक वर्षांचा समज होता. मग धातू जळून वजन वाढते कसे? पैसे खर्च होऊन थैली जड व्हावी तसे ते झाले. लाव्हाझिएने तोंड बंद केलेल्या भांड्यात काय गेले, काय आले, काय उरले याची नोंद ठेवली आणि त्या तत्त्वाच्या नावे एक दमडीही खतावता येत नाही हे दाखवले.

पदार्थ निर्माण होत नाही की नाहीसा होत नाही, क्रियेच्या आधी आणि नंतर तो तेवढाच असतो, हे तत्त्व त्याने आपल्या ग्रंथात कुठे मांडले? द्राक्षरस आंबून दारू होते त्या प्रकरणात. साखर, पाणी, यीस्ट एका बाजूला; मद्यार्क, कर्बवायू आणि उरलेला गाळ दुसऱ्या बाजूला; आणि मधे कोष्टके. हिशेबनीसाची वही उघडल्यासारखे वाटते.

आता हेच भांडे पॅरिसएवढे मोठे करा. लाव्हाझिएने कंपनीसाठी अंदाज काढला की पॅरिसमध्ये खपणाऱ्या मालापैकी सुमारे एक पंचमांश माल कर चुकवून शहरात येतो. आत किती जाते आणि किती खपते याचा ताळा बसत नव्हता. त्याने सुचवलेला उपाय त्याच्या प्रयोगशाळेतलाच होता : भांड्याचे तोंड बंद करा. शहराभोवती भिंत. १७८४ पासून ती उभी राहू लागली, लांबी सुमारे २४ किलोमीटर, जागोजाग लदू या वास्तुविशारदाने बांधलेले दिमाखदार नाके. ज्या कराच्या वसुलीसाठी ही भिंत, त्याचे फ्रेंच नाव ऑक्ट्रॉय. हाच शब्द इंग्रजीमार्गे आपल्याकडे आला आणि दहिसर, मुलुंडच्या नाक्यांवर ट्रकवाल्यांच्या तोंडी १ जुलै २०१७ पर्यंत, जीएसटी येईपर्यंत, नांदला.

पॅरिसकरांनी त्या भिंतीवर एक कोटी केली. ‘ल म्यूर म्यूरां पारी रां पारी म्यूर्म्यूरां.’ पॅरिसला कोंडणारी भिंत पॅरिसला कुरकुर करायला लावते. १७८९ च्या जुलैमध्ये, बास्तीयचा किल्ला-तुरुंग पडायच्या आधीच, लोकांनी यातले कितीतरी नाके जाळले होते. शहराला हवा मिळू नये म्हणून ही भिंत बांधली, असाही आरोप झाला. हवेचा सर्वांत मोठा जाणकार आणि त्याच्यावर आरोप हवा कोंडल्याचा! लोकांच्या रागाला रसायनशास्त्र कळत नसेल, पण नेम बरोबर लागतो.

जाता जाता एक भाषेची गोष्ट. १७८७ मध्ये गितों द मोर्वो, बेर्तोले आणि फुर्क्रुआ यांच्याबरोबर त्याने रसायनांची नवी नावे ठरवली; नाव ऐकले की पदार्थ कशाचा बनला ते कळावे. ‘ऑक्सिजन’ म्हणजे आम्ल जन्माला घालणारा. सगळ्या आम्लांत तो असतो ही त्याची समजूत पुढे चुकीची निघाली, मिठाच्या आम्लात तो नाहीच. बंगालीने ‘अम्लजान’ घेऊन चूकही सोबत घेतली. मराठीने ‘प्राणवायू’ केले आणि सुटली. गंमत म्हणजे तो वायू लाव्हाझिए आधी ज्या नावांनी ओळखत असे त्यांतले एक असेच होते, जीवनदायी हवा. आणि जुन्या मराठी पुस्तकांतले ‘कर्बद्विप्राणिद’ हे जिभेला पीळ पाडणारे नाव थेट त्या १७८७ च्या पद्धतीचेच नातवंड आहे.

शत्रू कसे जमले

मारा या वर्तमानपत्रवाल्या नेत्याने त्याला मारले असेही सर्रास सांगतात. झां-पोल मारा हा मुळात डॉक्टर. १७८० मध्ये अग्नीवरच्या त्याच्या प्रयोगांना अकादमीची मान्यता मिळाली अशी बातमी छापून आली, तेव्हा लाव्हाझिएने ती खोटी असल्याचे अकादमीत सांगितले. माराने ते अकरा वर्षे मनात ठेवले. जानेवारी १७९१ मध्ये आपल्या पत्रात त्याने ‘भोंदूंचा म्होरक्या’ म्हणून लाव्हाझिएवर तोफ डागली आणि त्याची सगळी पदे ओळीने मोजून दाखवली : इजारदार, दारूगोळा खात्याचा कारभारी, बँकेचा संचालक, अकादमीचा सदस्य. शिव्या विसरून वाचले तर यादी बिनचूक होती! पण माराचा खून झाला १३ जुलै १७९३ ला. अटकेच्या चार महिने आधी. हवा तापवण्यात त्याचा हात होता; खटल्यात नाही.

दारूगोळ्याचे प्रकरण जास्त बोलके आहे. १७७५ मध्ये मंत्री त्युर्गोने तोफेची दारू बनवण्याचे काम खाजगी कंत्राटदाराकडून काढून सरकारी खात्याकडे दिले आणि लाव्हाझिएला त्यात नेमले. तो शस्त्रागाराच्या आवारातच राहायला गेला. त्याची प्रयोगशाळा तिथेच. दारूची प्रत आणि उत्पादन दोन्ही सुधारले, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंच दारू इंग्रजांविरुद्ध वाजली. ऑक्टोबर १७८८ मध्ये एसॉन इथे नव्या मिश्रणाच्या चाचणीत स्फोट झाला. दोन माणसे गेली, लाव्हाझिए पतिपत्नी थोडक्यात वाचली.

मग ६ ऑगस्ट १७८९. बास्तीय पडून तीन आठवडे झालेले. सेन नदीच्या धक्क्यावर शस्त्रागारातली दारू नावेत भरली जात होती. ती हलक्या प्रतीची, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या गुलामांच्या व्यापारासाठी जाणारी दारू. ती हलवून बंदुकीची चांगली दारू आणायची होती. कागद सगळे रीतसर होते. पण शहरात बातमी फुटली की दारू राजाच्या लोकांकडे पळवली जाते आहे. जमाव जमला. लाव्हाझिएला नगरभवनात धरून नेले. त्याने खुलासा केला, कागद दाखवले, अधिकाऱ्यांना पटले. बाहेर जमाव त्याच्या नावाने ओरडत होता. तो सुटला, जिवानिशी.

मला वाटते त्या दिवशी तो चुकीचा धडा शिकला. कागद बरोबर असले की माणूस सुटतो, हा.

साडेपाच महिने

२० मार्च १७९१ ला इजारा रद्द झाला. हिशेब मिटवायला भागीदारांना मुदत मिळाली आणि ती लांबत गेली, कारण कंपनीचे व्यवहार शंभर ठिकाणी अडकलेले. लाव्हाझिए या काळात रिकामा नव्हता. राष्ट्रीय तिजोरीचा कारभार त्याने पाहिला, देशाच्या शेतीउत्पन्नाचा ताळेबंद मांडला, नव्या दशमान वजनमापांच्या आयोगाचा खजिनदार झाला. आउई या स्फटिकशास्त्रज्ञ धर्मगुरूबरोबर पाण्याचे वजन करून किलोग्रॅम ठरवण्याचे काम त्याचेच. ऑगस्ट १७९२ मध्ये शस्त्रागारातले घर सोडावे लागले. ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमीच बंद झाली. आपली सगळी मालमत्ता जाणार हे त्याला दिसत होते; मग आपण औषधाचे दुकान टाकू, असे तो म्हणे.

पळून का गेला नाही? हा प्रश्न या प्रकरणात प्रत्येक जण विचारतो. त्या वेळची परिस्थिती पाहिली तर उत्तर इतके सोपे नाही. परदेशी पळालेल्याची मालमत्ता जप्त होई आणि घरचे लोक संशयात येत. लपणाऱ्यांचे काय होई? तत्त्वज्ञ गणिती कोंदोर्से आठ महिने लपला, मार्च १७९४ मध्ये बाहेर पडताच पकडला गेला आणि दोन दिवसांत तुरुंगात मेला. खगोलज्ञ बायी, पॅरिसचा माजी महापौर, १२ नोव्हेंबर १७९३ ला गिलोटीनवर गेला होता, लाव्हाझिएच्या अटकेच्या हुकमापूर्वी बारा दिवस. पळून वाचला तो प्रीस्टली, पण तो दुसऱ्या देशातून आणि उलट्या कारणासाठी. फ्रेंच क्रांतीची बाजू घेतो म्हणून १७९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या जमावाने त्याचे घर आणि प्रयोगशाळा जाळली. १७९४ च्या एप्रिलमध्ये तो अमेरिकेच्या जहाजात बसला. त्याच वायूचा दुसरा जाणकार तोवर पॅरिसच्या तुरुंगात हिशेब लिहून बसला होता.

हो, हिशेबच. नाताळच्या सुमारास सगळ्या भागीदारांना कंपनीच्याच जुन्या कचेरीत हलवून तिथे कोंडले, वह्या तिथेच होत्या म्हणून. जिथे वर्षानुवर्षे खुर्चीत बसले तिथेच पहारा. ते रात्रंदिवस बसले आणि जानेवारी अखेर हिशेब पुरे केले. आरोपांना द्यायचे उत्तर लाव्हाझिएने लिहिले. मुद्दा मुद्द्याने, आकडा आकड्याने, रसायनाच्या निबंधासारखे.

दरम्यान एक दार ठोठावले गेले होते. डिसेंबरात वजनमापे आयोगाच्या वतीने बोर्दा आणि आउई यांनी लेखी विनंती केली की लाव्हाझिएवाचून काम अडते, त्याला सोडा. आउई हा धर्मगुरू, म्हणजे स्वतः संशयाच्या छायेत. त्याने सही करणे ही लहान गोष्ट नव्हती. प्रत्यक्ष सरकार चालवणाऱ्या सार्वजनिक सुरक्षा समितीचे उत्तर काही दिवसांत आले. बोर्दा, लाव्हाझिए, लाप्लास, कूलों, ब्रिसों, दलांब्र यांना आयोगातून काढले. कारण दिले : अशी कामे केवळ प्रजासत्ताकाला साजेसे गुण आणि राजांबद्दलचा द्वेष यांसाठी विश्वासपात्र असणाऱ्यांकडेच हवीत.

या उत्तरानंतर बाकीचे का गप्प बसले ते समजते. समजते म्हणजे पटते असे नाही. त्याच्याबरोबर नावांचा ग्रंथ लिहिणारे फुर्क्रुआ आणि गितों दोघेही कन्व्हेन्शनचे सदस्य होते. फुर्क्रुआ तर माराच्याच रिकाम्या जागी बसला होता. दाविद, ज्याने १७८८ मध्ये ७,००० लिव्र घेऊन लाव्हाझिए जोडप्याचे मोठे चित्र काढले, तो आता अटकांचा कारभार पाहणाऱ्या दुसऱ्या, सर्वसाधारण सुरक्षा समितीत होता. यांपैकी कोणीही सभागृहात उठून बोलले नाही. आणि याच वसंतात सरकार रसायनज्ञांना दारू, पोलाद, फुगे यांच्या कामाला जुंपत होते, पॅरिसमध्ये सोरा आणि दारू बनवण्याचे वर्ग चालवत होते. शास्त्रज्ञांची गरज नाही म्हणे!

मारी-आन धावपळ करत होती. तिला लिहिलेल्या पत्रात त्याने तिच्या तब्येतीचीच काळजी केली आहे : माझे काम झाले आहे, तुझी वाट अजून लांब आहे, स्वतःला झिजवू नकोस. कन्व्हेन्शनसाठी आरोपांचा अहवाल लिहिणारा द्युपँ हा इजाऱ्यातलाच जुना नोकर. त्याच्याकडे जाऊन तिने आर्जव करावे असे सगळे सांगत होते. सांगतात की ती गेली, पण आर्जव न करता सुनावून आली. पिंजऱ्यात एकटा नवरा नव्हता, बापही होता. एकाला सोडवायचे तर दुसऱ्याला दोषी मानायचे, हे तिच्याने झाले नसावे.

८ मे

द्युपँचा अहवाल ५ मेला आला. आरोप : जास्तीचे व्याज उकळले, भरणा उशिरा केला, नफा फुगवला, आणि तंबाखूत पाणी घातले.

तंबाखूचा आरोप जरा जवळून बघण्यासारखा आहे. तपकिरीची पाने दळताना भिजवावी लागतात. किती पाणी घालायचे हाच वादाचा मुद्दा. जास्त पाणी म्हणजे गिऱ्हाईक पाण्याचे पैसे मोजते. पण तरुण लाव्हाझिएचे इजाऱ्यातले सुरुवातीचे कामच तंबाखूतली भेसळ पकडण्याचे होते. किरकोळ विक्रेते राख मिसळत. त्याने सोपी युक्ती शोधली : नमुन्यावर आम्ल टाका, राख असेल तर फसफसून आवाज येतो. भेसळीची चाचणी शोधणारा भेसळीच्या आरोपात.

तरी कायद्याची अडचण उरतेच. हिशेबातली लबाडी सिद्ध झाली तरी तिला मृत्युदंड नव्हता, आणि क्रांतिकारी न्यायाधिकरण हे देशद्रोहासाठी होते. म्हणून ज्यूरीपुढे प्रश्न वेगळा ठेवला : फ्रान्सच्या शत्रूंना साहाय्य व्हावे यासाठी लोकांची पिळवणूक करून, तंबाखूत पाणी आणि आरोग्याला घातक पदार्थ मिसळून, फ्रेंच जनतेविरुद्ध कट झाला का? अशा रीतीने तंबाखूतले पाणी परकीय सैन्याच्या मदतीला गेले. एका सल्लागार मंडळाने लाव्हाझिएच्या कामांची यादी पाठवली होती. तिचा निकालावर परिणाम झाला नाही.

एक गोष्ट मात्र घडली जी फारसे कोणी सांगत नाही. सुनावणीच्या आयत्या वेळी तिघांना पिंजऱ्यातून बाहेर काढले, कारण ते सहायक होते, स्वतःचा हिस्सा असलेले भागीदार नव्हते. म्हणजे त्या दिवशी न्यायाधिकरणालाही एक कागद चालला. फक्त तो हिशेबाचा नव्हता, हिश्श्याचा होता. लाव्हाझिएचा हिस्सा वयाच्या पंचविसाव्या वर्षी घेतलेला.

उरलेल्या २८ जणांना त्याच दिवशी क्रांती चौकात नेले. पोल्झ तिसरा, लाव्हाझिए चौथा. देह एर्रांसीच्या सामाईक खड्ड्यात. शेवटच्या पत्रात त्याने नात्यातल्या एका भावाला लिहिले होते की आपल्याला बऱ्यापैकी लांब आणि मुख्य म्हणजे सुखाचे आयुष्य मिळाले, आता या घटना बहुधा म्हातारपणाच्या गैरसोयींतून सुटका करतील. डोके तुटल्यावरही तो ठरल्याप्रमाणे पापण्या मिटत राहिला, ही आंतरजालावर फिरणारी कथा मात्र सोडून द्यावी. त्या काळच्या एकाही नोंदीत ती नाही. दुसऱ्या दिवशी गणितज्ञ लाग्रांज दलांब्रला म्हणाला ते वाक्य खरे मानले जाते : हे डोके उडवायला त्यांना एक क्षण पुरला, तसे दुसरे घडवायला कदाचित शंभर वर्षेही पुरणार नाहीत.

नंतर

मारी-आनलाही जूनमध्ये पकडले. ६५ दिवस आत काढून, रोब्सपिएर पडल्यावर ती सुटली. १७९५ मध्ये भागीदारांच्या विधवा आणि मुलांनी द्युपँविरुद्ध जाहीर तक्रार केली आणि तो आत गेला. जप्त केलेली पुस्तके, उपकरणे, सामान परत आले ते ‘अन्यायाने दंडित लाव्हाझिएची विधवा’ अशा पत्त्यावर. पुढे इजाऱ्याचे हिशेब सरकारने तपासले, तेव्हा देणे निघाले ते उलट सरकारकडूनच. १७९६ मध्ये मोठी स्मृतिसभा झाली. भाषण फुर्क्रुआचे.

त्याच्या अखेरच्या लेखांचे छापील खंड काढताना तिचे नवऱ्याचा सहकारी सेगँ याच्याशी बिनसले. प्रस्तावनेत मारणाऱ्यांचे नाव घेऊन वाभाडे काढायचे असा तिचा आग्रह. तो तयार होईना. शेवटी तिने स्वतः छोटी प्रस्तावना लिहिली आणि खंड विद्वानांना पाठवले. १८०५ मध्ये तिने रम्फर्ड या शास्त्रज्ञाशी लग्न केले, लाव्हाझिए हे नाव न सोडता. ते लग्न चार वर्षे टिकले. भांडण झाले तेव्हा तिने त्याच्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले, असे त्याने मुलीला लिहिले आहे.

दाविदचे ते चित्र १७८९ च्या प्रदर्शनात लागायचे होते. धक्क्यावरच्या दारूच्या प्रकरणानंतर ते मागे ठेवले गेले. आता ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तांबड्या मखमलीचे टेबल, त्यावर काचेची उपकरणे, लाव्हाझिए हातात टाक धरून बायकोकडे वर पाहतो आहे. २०२१ मध्ये संग्रहालयाच्या लोकांनी अवरक्त आणि क्ष-किरणांनी रंगाखालचा रंग तपासला. खालच्या चित्रात मारी-आनच्या डोक्यावर फुलाफितींची भलीमोठी फॅशनेबल टोपी आहे, टेबल सोनेरी नक्षीचे आहे, आणि उपकरण एकही नाही. श्रीमंत इजारदार आणि त्याची बायको. टोपी नंतर पुसली गेली, नक्षीवर तांबडे कापड आले, आणि सगळ्यात शेवटी काचेची भांडी.